स्वस्तातला परदेश प्रवास : काटकसर कुठे करावी, कुठे करू नये

दिवाळी जवळ आली की आमच्या दवाखान्यात एक निराळ्या प्रकारची मंडळी येऊ लागतात. त्यांना ताप नसतो, खोकला नसतो. चार-पाच मित्र एकदम आत शिरतात आणि त्यांतला एक म्हणतो, "डॉक्टरसाहेब, आम्ही नेपाळला चाललोत. प्रवासात लागतील तेवढ्या गोळ्या लिहून द्या." मी विचारतो, "किती दिवस?" उत्तर येते, "दहा दिवसांत पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ, सगळं करून परत. आणि खर्च एकदम कमी." चिठ्ठी लिहायला दोन मिनिटे लागतात. पण नुसत्या चिठ्ठीने भागत नाही, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो आहे. म्हणून आजचा हा लेख.

परदेश, पण आवाक्यातला

परदेश म्हटले की आपल्याला विमान आणि व्हिसा आठवतो. नेपाळचे तसे नाही. भारतीय नागरिकाला तिथे व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचे ओळखपत्र चालते. आपल्या शंभर रुपयांचे तिथे एकशेसाठ नेपाळी रुपये होतात. मनमाडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून बसने सोनौली, सीमेची कमान पायी ओलांडायची आणि पलीकडे पोखऱ्याची बस धरायची. पाठीवर एक पिशवी आणि सोबत चार मित्र असले की झाले. परळी वैजनाथाच्या पायरीशी वाढलेल्या माणसाला पशुपतिनाथाची ओढ असतेच. शिवाय डोंगर पाहण्याची हौस आता खेड्यापाड्यांतल्या तरुणांतही आली आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. घराबाहेर पडावे, चार मुलूख पाहावेत, या मताचा मी आहे.

अडचण एवढीच की, खिशात पैसे कमी असले की माणूस जिथे करू नये तिथे काटकसर करतो. खोलीचे भाडे कमी करा, जेवण साधे घ्या, खरेदी करू नका. त्याने काही बिघडत नाही. पण तीन गोष्टींत वाचवलेला पैसा शरीर व्याजासकट वसूल करते. त्या तीन गोष्टी म्हणजे पाणी, झोप आणि दिवस.

१) पाणी

प्रवासात पहिली तक्रार पोटाची. पाचांपैकी दोघांचे तरी पोट बिघडते. नळाचे पाणी, उघड्यावरची चटणी, कापून ठेवलेली फळे आणि न धुतलेले हात ही त्याची कारणे. पाण्याची बाटली महाग पडते म्हणून नळ गाठू नये. पाणी उकळून घ्यावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरते. मात्र दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळत असल्याने तिथे तीन मिनिटे उकळावे. ते शक्य नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापराव्यात. गरमागरम डाळ-भात हे तिथले रोजचे जेवण. तेच स्वस्त आणि तेच सुरक्षित.

जुलाब लागले तर घाबरून आधी जुलाब बंद करण्याची गोळी घेऊ नये. आधी गेलेले पाणी भरून काढावे. ओ.आर.एस.चे एक लिटरचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात मिसळून घोट घोट प्यावे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ (चमचा चहाचा). शौचातून रक्त पडणे, ताप येणे, प्यायलेले पाणीही न टिकणे, लघवी फार कमी होणे किंवा माणूस सुस्त पडणे, यांपैकी काहीही दिसले तर दवाखाना गाठावा. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणारी गोळी घेणे धोक्याचे आहे.

२) झोप

खोलीभाडे वाचावे म्हणून आपली मंडळी रात्रीचा प्रवास करतात. एक रात्र ठीक आहे. पण लागोपाठ तीन रात्री बसून काढल्या की पाय सुजतात, बद्धकोष्ठ होते, मूळव्याध असलेल्याला ती उठते आणि डोके ठणकू लागते. फार तास पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. दर दोन तासांनी गाडी थांबली की उतरून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावे. लघवीला थांबावे लागेल म्हणून पाणी न पिण्याची सवय वाईट.

झोप मोडली की आणखी एक गोष्ट बिघडते, ती म्हणजे स्वभाव. मित्रांमध्ये भांडणे का होतात, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. दहांपैकी आठ भांडणांच्या मुळाशी मतभेद नसतो. भूक, जागरण आणि तहान असते. "तू पन्नास रुपये कुठं घालवले?" हा प्रश्न उपाशीपोटी ऐकला तर आरोप वाटतो, जेवल्यावर ऐकला तर हिशेब वाटतो. म्हणून हिशेबाची वही नेहमी जेवण झाल्यावर उघडावी.

मुंबईच्या सहा तरुणांची एक जुनी हकिकत इथे सांगण्यासारखी आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी मित्र सायकलवरून जगप्रवासाला निघाले. इराण, अरबस्तानातील वाळवंटे, युरोप, अमेरिका, जपान, चीन असे करीत सुमारे ४४ हजार मैलांची रपेट झाली. मार्च १९२८ मध्ये मुंबईला परतले तेव्हा सहांतले तिघेच उरले होते : आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा. बाकीचे तिघे वाटेत निरनिराळ्या टप्प्यांवर वेगळे झाले होते. इतक्या धडधाकट आणि जिवलग मित्रांचेही असे होते. तेव्हा आपल्या दहा दिवसांच्या सहलीत कुणी मागे फिरला, कुणी रुसला, तर त्यात मैत्री संपली असे समजू नये.

३) दिवस

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. पैसे वाचवायचे म्हणजे दिवस कमी करायचे, असे आपले गणित असते. मैदानी मुलखात ते एकवेळ चालते, डोंगरात चालत नाही.

आपले बीड समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक. इतक्या उंचीवर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेवढेच असते, पण हवेचा दाब कमी असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच असतो. शरीर त्याला सरावते, पण त्याला वेळ लागतो. पूर्वी लोक पोखऱ्याकडून पायी जात, तेव्हा तो वेळ आपोआप मिळे. आता जीप जाते. सकाळी आठशे मीटरवर चहा घेतलेला माणूस रात्री ३,७०० मीटरवर झोपतो. जीप तुम्हाला वर नेते, पण तुमच्या रक्ताला सोबत नेत नाही.

आमची चूक

आम्ही पाच मित्र २०१८ च्या दिवाळीनंतर असेच निघालो. एक मास्तर, एक मोंढ्यातला आडत्या, एक बँकेतला, एक खत-बियाण्यांचा दुकानदार आणि मी. सगळे पंचेचाळिशीच्या पुढचे. हिशेबाची वही बँकेतल्याकडे. मनमाडपासून पोखऱ्यापर्यंत आम्ही पलंगाला पाठ लावली नव्हती. पोखऱ्यात एक दिवस विश्रांती ठरली होती. ती 'एक दिवसाचं भाडं वाचतंय' म्हणून रद्द केली. दुसऱ्या दिवशी पहाटे जीप धरली आणि संध्याकाळी मुक्तिनाथच्या पायथ्याच्या गावात उतरलो.

त्या रात्री सगळ्यांचेच डोके जड होते. सकाळी आडत्या म्हणाला, "पोट बिघडलंय माझं. तुम्ही दर्शन करून या, मी उद्या जातो." सोनौलीपासून सगळ्यांचीच पोटे कमी-जास्त होती, त्यामुळे मलाही ते खरे वाटले. डॉक्टर मी होतो, पण त्या दिवशी मी यात्रेकरू झालो होतो. आम्ही वर गेलो, एकशेआठ धारांखाली भिजलो, फोटो काढले आणि दुपारी उतरलो. तो पांघरूण घेऊन पडून होता. जेवला नाही.

रात्री नऊच्या सुमारास तो लघवीला उठला आणि दाराच्या चौकटीवर आदळला. मी त्याला म्हणालो, "सरळ रेषेत चालून दाखव बघू, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लावत." दोन पावले टाकली आणि तो बाजूला कलला. दारूचा थेंब न घेतलेला माणूस दारू प्यायल्यासारखा चालत होता. तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली. उंचीच्या आजाराने मेंदूला सूज येऊ लागल्याची ती खूण होती. त्यावर खरा उपाय एकच : ताबडतोब खाली उतरणे.

जीपवाल्याने रात्रीचे भाडे दिवसाच्या कितीतरी पट सांगितले. बँकेतला म्हणाला, "सकाळी सहाला गाडी आहेच की. एवढ्या पैशात आपलं परतीचं जेवण निघतंय." मास्तर एरवी कुणावर आवाज चढवत नाही. त्याने स्वतःचे पाकीट पलंगावर आपटले आणि म्हणाला, "ह्यातलं घे, आणि आता वही मिट." कुणी काही बोलले नाही. अर्ध्या तासात आम्ही निघालो. जोमसोम सुमारे एक हजार मीटर खाली आहे. तिथल्या दवाखान्यात त्याला ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळाले. पहाटे त्याने पाणी मागितले. दुपारी पेज प्याला.

नंतर मी त्याला विचारले, "डोकं कधीपासून दुखत होतं?" तो म्हणाला, "जीपमध्येच सुरू झालं होतं." "मग बोलला का नाहीस?" यावर तो खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं, माझ्यापायी तुम्हा सगळ्यांच्या पैशाचं पाणी होईल."

वाचकहो, उंचीपेक्षा धोकादायक आजार कोणता, तर तो हा. मित्रांचा हिरमोड होऊ नये म्हणून दुखणे लपवणे. पोट बिघडले, छातीत धडधडते, पायाला फोड आले, साखर कमी झाली. माणूस सांगत नाही. सहलीचे नियोजन करताना पहिला नियम हाच ठरवावा की, जो दुखणे सांगेल त्याला कुणी चिडवणार नाही आणि जो लपवेल त्याला सगळे रागावतील. बँकेतल्या मित्रालाही मी दोष देत नाही. हिशेब सांभाळण्याचे काम आम्हीच त्याच्या गळ्यात घातले होते. अडीअडचणीसाठी वेगळी रक्कम आधीच बाजूला काढली असती तर त्या रात्री वहीचा प्रश्नच आला नसता.

ही लक्षणे पाठ करा

साधा उंचीचा आजार : डोकेदुखी आणि त्यासोबत मळमळ, भूक नसणे, थकवा, चक्कर किंवा झोप न लागणे. बहुधा वर पोचल्यावर सहा ते बारा तासांत सुरू होतो. अशा वेळी आणखी वर जाऊ नये. विश्रांती घ्यावी. त्रास वाढला तर उतरावे.

धोक्याचा आजार : चालताना तोल जाणे, असंबद्ध बोलणे, गुंगी, किंवा बसल्या जागी धाप लागणे, सततचा खोकला, फेसाळ वा गुलाबी थुंकी. पहिल्या प्रकारात मेंदूला, दुसऱ्यात फुप्फुसांना सूज असते. सकाळची वाट पाहू नये. माणसाला एकटे सोडू नये. रात्र असली तरी खाली न्यावे आणि दवाखाना गाठावा.

उपाय सोपा आहे. तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंचावर करू नये. दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे. दारू आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. ॲसिटाझोलामाइड नावाची गोळी काहींना आधीपासून देता येते, पण ती डॉक्टरांना विचारूनच. सल्फा औषधांची ॲलर्जी असल्यास ते आवर्जून सांगावे. रोज व्यायाम करणाऱ्याला हा आजार होत नाही, हा समज चुकीचा आहे. पहिलवानालाही होतो, कारण धडधाकट माणूस घाईने चढतो. नेपाळमध्ये १९७३ साली स्थापन झालेली हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही संस्था मनांग आणि फेरिचे येथे गिर्यारोहकांसाठी मदत केंद्रे चालवते. तिथले डॉक्टर प्रत्येक हंगामात हेच सांगत असतात.

निघण्यापूर्वी कुणी तपासून घ्यावे?

रक्तदाब, मधुमेह, दमा, हृदयविकार, रक्तक्षय असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना भेटावे. चालू गोळ्या प्रवासात बंद करू नयेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते हातातल्या पिशवीत ठेवावे. थंडीत ते गोठले तर निकामी होते, म्हणून रात्री अंगाजवळ ठेवावे. टायफॉइड आणि धनुर्वाताच्या लशीबद्दल विचारावे. नवे बूट प्रवासाच्या दिवशी घालू नयेत. महिनाभर आधी ते घालून रोज चालावे. काठमांडूत स्वयंभूनाथाला माकडे पुष्कळ आहेत. माकड किंवा कुत्रे चावले वा ओरबाडले तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजची लस त्याच दिवशी सुरू करावी. घरी परतेपर्यंत थांबू नये. आरोग्य विमा असेल तर तो नेपाळात लागू आहे का, हेही आधीच विचारावे.

सोबतच्या पेटीत ओ.आर.एस.ची दहा पाकिटे, पॅरासिटामॉल, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, मळमळीची गोळी, पट्ट्या, जंतुनाशक मलम, तापमापक आणि प्रत्येकाची रोजची औषधे दुप्पट दिवसांची ठेवावीत. पेटी एकाकडे असावी आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना माहीत असावे.

मग मिळते काय?

इतके वाचून कुणी म्हणेल, "डॉक्टर, त्यापेक्षा घरी बसलेलं बरं." तसे नाही. जोमसोमहून आम्ही मार्फा या गावी उतरलो आणि आडत्याला बरे वाटेपर्यंत दोन दिवस तिथेच राहिलो. पांढऱ्या चुन्याने रंगवलेली घरे, दगडी गल्ल्या, सफरचंदांच्या बागा. करायला काहीच नव्हते. घराच्या धाब्यावर उन्हात बसायचे, सफरचंद खायचे आणि समोरच्या बर्फाकडे पाहायचे. वीस वर्षांच्या मैत्रीत आम्ही कधी इतके निवांत बसलो नव्हतो. बँकेतल्याने आपणहून आडत्याची माफी मागितली. दुकानदाराने आपल्या कर्जाची गोष्ट पहिल्यांदा आम्हाला सांगितली. मास्तर गायला. बीडला रोज भेटूनही जे बोलणे होत नाही ते तिथे झाले. रोजच्या धबडग्यातून बाहेर पडलेले मन असे मोकळे होते, आणि तेही आरोग्यच आहे.

पुढच्या वर्षी, २०१९ च्या नोव्हेंबरात, आम्ही पाचही जण पुन्हा गेलो. आडत्याचे दर्शन राहिले होते ना! या वेळी चार दिवस जास्त घेतले आणि बाकी खर्च कमी केला. पोखऱ्यात एक रात्र झोप काढली. दुसरा मुक्काम सुमारे बाराशे मीटरवरच्या तातोपानीला, जिथे गरम पाण्याचे झरे आहेत. मग मार्फ्यात दोन रात्री. पाचव्या दिवशी सकाळी मुक्तिनाथला गेलो, दर्शन घेतले आणि दुपारीच खाली झोपायला आलो. उंचावर जावे, पण झोपावे खाली, हे डोंगरातले शहाणपण. कुणाचे डोके दुखले नाही. आडत्या एकशेआठ धारांखालून दोनदा गेला, म्हणाला, "एक मागच्या वर्षीची."

आपल्या जिल्ह्याला हे शहाणपण नवे नाही. पैठणहून नाथांची पालखी आणि शेगावहून गजानन महाराजांची पालखी आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. दिंडीत कुणी धावत नाही. मुक्काम ठरलेले असतात. म्हातारा मागे राहिला तर कुणीतरी त्याच्यासोबत थांबते. पाय दुखले तर लाजायचे नसते. तेल लावून देणारा शेजारीच असतो. परदेशात मित्रांसोबत निघताना तेवढी दिंडीची शिस्त पिशवीत घाला.

लक्षात ठेवा : काटकसर खोलीत करा, खरेदीत करा. पाण्यात, झोपेत आणि दिवसांत करू नका. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीने चला. आणि दुखले तर सांगा.